मधूनच मिस मारणारी मोटारसायकल: बिघाड कसा पकडायचा

गाडी कायमची बंद पडली तर काम सोपं असतं. प्लग काढा, ठिणगी पाहा, पेट्रोल येतं का पाहा, अर्ध्या तासात कारण हाती लागतं. खरा घोळ घालते ती मधूनच मिस मारणारी गाडी. वावरातून परत येताना पांदणीवर आचके देते, आणि तालुक्याला मिस्त्रीच्या दुकानासमोर उभी केली की सुरळीत चालते. मिस्त्री प्लग बदलतो. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मग कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी), मग सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी विजेची डबी), मग कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) सफाई. खिशातले पैसे जात राहतात आणि दोष होता तिथेच बसून राहतो.

आपल्याकडे मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. दूध तिच्यावर जातं, फवारणीचं औषध तिच्यावर येतं, रात्री-बेरात्री घरचं माणूस दवाखान्यात तिच्यावरच न्यावं लागतं. अशी गाडी ऐन रस्त्यात दगा देऊ शकते ही धास्ती डोक्यात असणं वाईट. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. यातलं बहुतेक काम घरच्या अंगणात, थोडक्या अवजारांत होतं. नियम दोनच: दोष हजर असतानाच तपासायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, कॉइल आणि पेट्रोल एकाच दिवशी बदललं आणि गाडी सुधारली, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आत नेमकं काय चुकतं

आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचं इंजिन एका सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत एकदा पेट होतो. मिनिटाला 4000 फेरे असतील तर 2000 वेळा, म्हणजे सेकंदाला तेहतीसच्या आसपास. यातला एखादा पेट चुकला तरी बसणाऱ्याला झटका कळतो, कारण ती उणीव भरून काढायला दुसरा सिलिंडर नसतो. न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये जातं, तिथे तापलेल्या धातूवर पेटतं आणि फटाका वाजतो.

पेट व्हायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, वेळेवर आणि जोरकस ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. दोष या तिन्हींपैकी कुठेतरी असतो. पण ‘मधूनच’ होतो याचा अर्थ तो कुठल्यातरी परिस्थितीत जागा होतो: उष्णता, ओल, हादरा, हँडलचा कोन, चढ, टाकीतलं पेट्रोल. ती परिस्थिती सापडली की अर्धं काम झालं.

पहिली पायरी: पाना नव्हे, वही

पाच-सहा दिवस गाडीला हात लावू नका, फक्त टिपून ठेवा. मोबाइलमध्ये लिहा किंवा बोलून ठेवा, पण त्याच वेळी. संध्याकाळी आठवून लिहिलेलं निम्मं चुकीचं निघतं. मिस मारली तेव्हा इंजिन थंड होतं की तापलेलं? किती अंतर झालं होतं? कितव्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर किती पिळलेला? रस्ता सपाट की खड्ड्यांचा? पाऊस, दव, नाल्याचं पाणी? टाकी भरलेली की रिझर्व्हला आलेली? पेट्रोल पंपावरचं की गावातल्या दुकानातलं, बाटलीतलं?

झटक्याचा प्रकारही नीट ओळखा. विजेचा दोष बहुधा एकदम तोडतो: गाडी जोरात चालली असताना क्षणभर पूर्ण मेल्यासारखी होते आणि लगेच परत उचलते. पेट्रोलचा दोष हळूहळू येतो: आधी पिकअप जातो, मग गाडी ओढत नाही, मग आचके देत बंद पडते. हे शंभर टक्के खरं ठरेलच असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरवता येतं.

कार्बोरेटरची गाडी असेल तर आणखी एक फुकटची चाचणी आहे. मिस मारायला लागली की चालत्या गाडीत चोक अर्धा ओढा. गाडी सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे, किंवा दोष ठिणगीत आहे. चोकचा लिव्हर हँडलवर नसून कार्बोरेटरवरच असेल तर गाडी बाजूला घेऊन, न्यूट्रलमध्ये रेस ठेवून हेच करा.

सोबत काय ठेवायचं

प्लग पाना, त्याच नंबरचा एक चांगला जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा डिजिटल मल्टिमीटर, एक स्वच्छ पारदर्शक बाटली आणि पाण्याची फवारणी बाटली, तीच जी सलूनमध्ये असते. मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो आणि मोटारपंपाच्या कामालाही येतो, तो घ्याच.

प्लग आणि प्लग कॅप

इंजिन थंड असताना प्लग काढा. काढण्याआधी त्याच्याभोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी होते आणि त्या खळग्यात थर करून बसते.

टोकाचा रंग पाहा. विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडा काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी किंवा हवेची गळती. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढतंय, ते काम रिंगचं किंवा व्हॉल्व्ह सीलचं. पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढी चीर आहे का तेही उजेडात फिरवून बघा. अशा चिरेतून ठिणगी आतल्या आत पळते, आणि तेही कधीकधीच, म्हणून हा प्लग बाहेर तपासताना चांगला वाटतो.

फट फिलर गेजने मोजा. गाडीप्रमाणे ती साधारण 0.6 ते 0.9 मिलिमीटरमध्ये असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. फट जास्त झाली की हलक्या रेसवर गाडी ठीक चालते, पण चढावर किंवा डबलसीट ओढताना मिस मारते, कारण दाब वाढला की ठिणगीला ती फट ओलांडणं जड जातं. प्लग बसवताना आधी बोटांनी पूर्ण फिरवा, मग पाना लावा. नवा असेल तर वायसर दबेपर्यंत सुमारे अर्धा फेरा, जुना असेल तर नुसता घट्ट होईल इतकाच. हेडचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, जोर लावला की जातात. बजाजच्या डीटीएस-आय गाड्यांना दोन प्लग असतात. तिथे एक प्लग मेला तरी गाडी चालत राहते, नुसता पिकअप आणि ॲव्हरेज पडतं. म्हणून दोन्ही तपासा.

प्लगपेक्षा प्लग कॅपकडे दुर्लक्ष जास्त होतं. कॅपच्या आत बहुतेक गाड्यांत पाच किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. मल्टिमीटरची दोन्ही टोकं कॅपच्या दोन बाजूंना लावा, आकडा स्थिर हवा. कॅप हलवल्यावर तो नाचत असेल तर कॅप बदला, खर्च फार नाही. कॅप ज्या जाड वायरवर फिरवून बसवलेली असते तिचं टोकही पाहा. तांबं हिरवं किंवा काळं पडलं असेल आणि वायरची लांबी पुरेशी असेल तर टोक अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवा. मिरगाचा पाऊस लागल्यावर सुरू होणारं मिसिंग बऱ्याचदा एवढ्यावरच थांबतं.

पावसात किंवा धुतल्यावरच मिस मारत असेल तर रात्री अंगणातला दिवा बंद करून गाडी हलक्या रेसवर ठेवा. जाड वायर, कॅप आणि कॉइल यांच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा आणि लांबून पाहा. वीज गळत असेल तर अंधारात वायरवरून इंजिनकडे उडणाऱ्या निळसर ठिणग्या दिसतात, बारीक टकटक ऐकू येते. त्या वेळी तिथे हात लावू नका. गळती दिसली की ती वायर किंवा कॉइल बदलायची. चिकटपट्टी गुंडाळून हे काम टिकत नाही.

पेट्रोल: टाकीच्या झाकणापासून खाली

कार्बोरेटरच्या गाडीत सुरुवात झाकणापासून करा. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तसं वरून हवा आत यावी लागते. झाकणातलं बारीक भोक धुळीने बुजलं की टाकीत निर्वात होतो, पेट्रोल खाली यायचं थांबतं आणि सात-आठ किलोमीटरनंतर गाडी आचके द्यायला लागते. बाजूला लावून पाच मिनिटं थांबलं की परत चालू. चाचणी सोपी: गाडी मरायला लागली की लगेच झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी तत्काळ नीट झाली, तर दोष सापडला. कार्बोरेटरला लोंबणाऱ्या नळ्याही तपासा. काही दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा. इंजिन थंड, जागा मोकळी, बिडी-सिगारेट लांब. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी गोल थेंब जमले तर ते पाणी, काळसर गाळ बसला तर टाकीतली घाण किंवा गंज. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं, पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोन्ही मिळून वेगळे होतात आणि खाली बसतात. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरलं की हा प्रकार होतो. असं पेट्रोल जाळून संपवू नका, सगळं काढून टाका. बाटलीतल्या पेट्रोलमध्ये कुणी रॉकेल मिसळलं असेल तर प्लग काळा पडतो आणि धूर वाढतो, पण ते नुसत्या नजरेला कळत नाही. संशय असेल तर खात्रीच्या पंपावरचं पेट्रोल भरून दोन दिवस चालवा, हीच चाचणी.

आता नळी कार्बोरेटरपासून सोडवून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार मिनिटभर एकसारखी पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब-थेंब, म्हणजे जाळी तुंबलेली किंवा झाकणाचं भोक बुजलेलं. काही गाड्यांचा कॉक इंजिनच्या ओढीवर उघडतो, त्यांना ही चाचणी तशीच लागू होत नाही.

धार ठीक असेल तर कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, पाहा. हलक्या रेसवर आणि सुरुवातीच्या पिळात मिस मारते तर पायलट जेट, पूर्ण पिळल्यावर मारते तर मेन जेट. साफ करताना कार्ब क्लीनर आणि हवा वापरा. तार घालू नका. भोक केसाइतकं जरी मोठं झालं तरी त्या गाडीचं मिश्रण कायमचं बिघडतं.

वायरिंग, आणि हँडलखालची जागा

वायरिंगमध्ये दोष सगळ्यात जास्त लपतो, आणि मिस्त्री घाईत असला की हेच राहून जातं.

गाडी न्यूट्रलला हलक्या रेसवर ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, सावकाश. मग किल्ली हलकेच हलवा. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) असेल तर त्यावर टिचकी मारा. सीटखालचे आणि टाकीखालचे कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) एकेक करून हलवा. ज्याला हात लावल्यावर इंजिन अडखळतं तिथे थांबा.

दारव्ह्याकडच्या एका गावातले दूधवाले काका सांगायचे, “भाऊ, डाव्या अंगाला वळली का लगेच दम तोडते हे गाडी.” प्लग आणि कॉइल आधीच बदलून झालेलं होतं. हँडल डावीकडे नेलं की इंजिन खरंच बसायचं. हेडलाइट काढून हँडलखालून जाणारा वायरींचा जुडगा मोकळा केला. वरचं प्लास्टिक शाबूत, कुठे चीर नाही. एकेक वायर अंगठा आणि बोट यांच्यात धरून पुढे सरकवत गेलो, तेव्हा एका वायरला नेमक्या वाकण्याच्या जागी आत काही नसल्यासारखा मऊपणा लागला. दोन्हीकडून हलकं ओढलं तर तिथेच प्लास्टिक ताणून बारीक झालं. सोलून पाहिलं तर आतल्या तांब्याच्या तारा तुटलेल्या, एक-दोन धागे टेकलेले आणि भोवती हिरवी पूड. हँडल सरळ असलं की टोकं भिडायची, वळलं की सुटायची. तुकडा जोडून डाख दिला, वरून स्लीव्ह चढवली, आणि जुडगा बांधताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल इतका ढिला ठेवला. ढिला ठेवणं विसरलं तर तीच जागा पुन्हा तुटते. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड तर एक पावसाळा काढत नाही.

सीडीआयला लागणारी वीज थेट मॅग्नेटमधून (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून) घेणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये स्विचचा संशय एका झटक्यात मिटतो. तिथे किल्ली किंवा किल स्विच बंद केल्यावर एक वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी मरते. ती वायर सीडीआयजवळ सोडवून गाडी चालवून पाहा. मिसिंग गेलं तर दोष स्विचमध्ये किंवा त्या वायरमध्ये. लक्षात ठेवा, वायर सोडवलेली असताना किल्लीने गाडी बंद होणार नाही. पुढचा-मागचा ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच सोडावा लागेल. म्हणून हे मोकळ्या जागेत, सावकाश करा. बॅटरीवरून वीज घेणाऱ्या सीडीआयला ही युक्ती लागू नाही.

साइड स्टँड उघडा असला की इंजिन बंद करणारा स्विच असेल, तर तोही पाहा. काळ्या मातीचा चिखल त्यात भरून वाळला की खड्ड्यात स्टँड जरासा हलल्याबरोबर इंजिन क्षणभर कापतं. लोक कार्बोरेटर उघडत बसतात आणि दोष पायाशी असतो. सोयाबीन-तूर घरात आली की उंदरांचा बंदोबस्तही करा. सीटखालची वायर कुरतडलेली असणं हे आपल्याकडे नेहमीचं कारण आहे.

फक्त तापल्यावर मिस मारते तेव्हा

मे महिन्यात, नवतप्यात, पारा 45 अंशांच्या पुढे गेला की हा दोष वर येतो. कॉइलमध्ये आणि मॅग्नेटजवळच्या पल्सर कॉइलमध्ये (सीडीआयला ठिणगीची वेळ कळवणाऱ्या छोट्या कॉइलमध्ये) केसासारख्या बारीक तारेचे शेकडो-हजारो वेढे असतात. एखादा जोड कच्चा झाला की गरम होऊन पसरल्यावर तो सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटतो. अशी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर मरते आणि सावलीत अर्धा तास उभी राहिली की चालू होते. झाकणाच्या दोषाशी याची गल्लत होते. फरक असा: झाकण उघडल्यावर गाडी लगेच चालू होत असेल तर दोष हवेच्या वाटेचा. थंड झाल्याशिवाय काही केल्या चालू होत नसेल तर संशय विजेवर.

म्हणून बंद पडल्याबरोबर, तिथल्या तिथे, जादा प्लग कॅपमध्ये घाला, त्याचा धातूचा भाग हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. खरा प्लग इंजिनमध्येच राहू द्या, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. प्लग टेकवल्याशिवाय किक मारू नका, त्याने सीडीआय जळू शकतो. जोरकस निळी ठिणगी पडत असेल तर वीज ठीक, मग इंजिन जरा निवल्यावर आतला प्लग काढून ओला की कोरडा पाहा; कोरडा म्हणजे पेट्रोल पोचत नाही. ठिणगी नसेल किंवा पिवळट, अशक्त असेल तर पल्सर कॉइलचा कपलर सोडवून ओहम मोजा आणि आकडा लिहून ठेवा. गाडी थंड झाल्यावर पुन्हा मोजा. लहान गाड्यांत हा आकडा साधारण शंभर ते काहीशे ओहम असतो. थंड असताना व्यवस्थित आणि गरम असताना मीटरवर काहीच नाही, म्हणजे कॉइल गेली. सीडीआय मीटरने तपासता येत नाही. तिथे गावातल्याच कुणाच्या तरी त्याच मॉडेलच्या गाडीचा सीडीआय तासभर मागून लावून बघा. विकत घेऊन प्रयोग करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

हवा आणि व्हॉल्व्ह

कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत एअर फिल्टरवर रुईचा थर बसतो, उन्हाळ्यात धुळीचा. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून पिळून बसवता येतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या जोडावर गाडी हलक्या रेसवर असताना पाण्याचा फवारा मारा. रेस बदलली तर तिथून हवा शिरतेय. पेट्रोल मारून ही चाचणी करणारे आहेत. तापलेल्या इंजिनवर ते कधीच करू नका.

एवढं सगळं निर्दोष निघालं आणि गाडी तापल्यावर हलक्या रेसवर थांबत नाही, मागे सायलेन्सरमध्ये पुटपुटते, किक हलकी लागते, तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) तंग झालेले असू शकतात. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, दाब गळतो. टॅपेटची फट पूर्ण थंड इंजिनवरच, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे ठेवायची. टकटक बंद व्हावी म्हणून टॅपेट कसून देणाऱ्यापासून गाडी जपा. थोडा आवाज करणारा टॅपेट चालतो, तंग टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

इंजेक्शनची गाडी

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम, लागू झाला आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या आहेत. प्लग, कॅप, वायरिंग, स्टँड स्विच, एअर फिल्टर हे सगळं त्यांनाही तसंच लागू. वेगळं एवढंच की त्यांना बॅटरी नीट लागते. इंजिन बंद असताना 12.4 व्होल्टच्या वर आणि रेस दिल्यावर 13.5 ते 14.8 च्या दरम्यान आकडा हवा. बॅटरीचे स्क्रू ढिले असतील तर खड्ड्यात मिस मारते. किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घुर्र आवाज दर वेळी येतो का ऐका. मीटरवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लागला असेल तर बॅटरी काढून तो घालवू नका, दोषाची नोंद पुसली जाऊ शकते. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर कमी विषारी करणारा भाग) असतो आणि न जळलेलं पेट्रोल त्यात जळून तो खराब होतो, म्हणून मिस मारणारी गाडी महिनोन्महिने तशीच दामटू नका.

दुरुस्ती झाली असं वाटलं की ज्या परिस्थितीत मिस मारायची तीच परत उभी करा: त्याच पांदणीवरून, तेवढंच ओझं घेऊन, दुपारचा दोष असेल तर दुपारीच. आणि मिस्त्रीकडे न्यावीच लागली तर “मिसिंग आहे, बघा” एवढंच सांगून सोडून येऊ नका. टिपलेलं वाचून दाखवा: “पंधरा मिनिटांनी, तापल्यावर मरते, झाकण उघडून फरक नाही, ठिणगी जाते, प्लग आणि कॅप तपासलेत.” बदललेला जुना भाग परत मागून घ्या. आठ दिवसांत दोष परत आला तर तो भाग कारण नव्हता, आणि जादा म्हणून डिकीत ठेवायला तो चालतो.